शाल नको, पंखा बघा

मे महिना लागला की रत्नागिरीत सगळ्यांना आंबा आठवतो. मला शाल आठवते. पाठीचा घाम कमरेपर्यंत ओघळत असताना माणसाच्या खांद्यांवर टाकतात ती, कडेला जर असलेली, मानेला टोचणारी लोकरीची शाल. सोबत नारळ, फुलांचा गुच्छ आणि माइकवरून "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत". या प्रकारावरून दहा वर्षांपूर्वी माझं डोकं जे तापलं, ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

परवा ते नव्याने तापलं. ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून जन्म काढला, तिथल्या हल्लीच्या तरुण मॅनेजरचा फोन आला. "शिवलकर सिस्टर, परिचारिका दिनाला व्याख्यान ठेवलंय. मुंबईचे डॉक्टर येतायत. काही माणसांना आवाज सोसत नाही, वास सोसत नाही, ऐनवेळचा बदल सोसत नाही, लोकांच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही. जन्मतःच मेंदूची घडण वेगळी. अशी माणसं आपल्या स्टाफमध्येसुद्धा असतात, त्यांना कसं समजून घ्यायचं, असा विषय आहे." मी म्हटलं, फार चांगला विषय आहे, येते. तर म्हणाला, "आणि त्यानिमित्ताने तुमचा सत्कार."

"सत्कार नको," मी म्हटलं.

तो हसला. "सिस्टर, तुमचा हा साधेपणाच आम्हाला..." पुढचं मी ऐकलं नाही. मी साधीबिधी अजिबात नाही. चांगली तिरसट बाई आहे, वॉर्डातल्या कुणालाही विचारा. पण नको म्हटलं की साधेपणा, ही आपल्या लोकांची ठाम समजूत आहे आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

फोन ठेवला आणि दहा वर्षांपूर्वीची मेहरून डोळ्यांसमोर उभी राहिली. आमच्या हॉस्पिटलची निळी किनार असलेली पांढरी साडी, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल, आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नाही तर खांद्यापलीकडच्या भिंतीवर.

ती पूर्णगडची. वडील मस्कतला होते, पाठ मोडून घेऊन परत आले आणि घर तिच्यावर आलं. पाठच्या दोन बहिणी शाळेत. नव्व्याण्णव सालच्या मे अखेरीला तिचा उमेदवारीचा काळ संपत होता आणि तिला कायम करायचं की नाही ते ट्रस्टच्या कमिटीने ठरवायचं होतं. म्हणजे त्या एका महिन्यात तिचं सगळंच टांगणीला होतं. आणि नेमका महिना कुठला, तर मे!

मे महिन्यात रत्नागिरीतलं हॉस्पिटल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नाही कळायचं. आंब्याच्या झाडावरून पडलेले गडी, फणस खाऊन पोट बिघडलेली चाकरमान्यांची मुलं, लग्नाच्या पंगतीतून थेट आलेल्या बायका. एका पेशंटमागे मुंबईहून आलेले सात नातेवाईक, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण मोठ्याने बोललो तरच डॉक्टर लवकर येतील. जांभ्याच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी ते तोंडावर सोडतात. फिनेल, घाम, मोगऱ्याचे गजरे आणि या सगळ्यांवर मात करणारा पिकत्या हापूसचा वास.

तो वास आमच्या ड्युटीरूममधूनच यायचा. बऱ्या झालेल्या पेशंटने आंबे द्यायचे, आम्ही ते खोलीच्या कोपऱ्यात गवतावर पसरून अढी घालायची आणि पिकतील तसे वाटून खायचे, ही आमची रीतच होती. खोलीत डबा खायला बसलं की वास नुसता अंगावर यायचा. आम्हाला स्वर्ग. मेहरून मात्र दारापर्यंत यायची, तोंडावर रुमाल धरायची आणि डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची.

"सिस्टर, आंब्याच्या वासानं मळमळता म्हणत्ये ती," आमच्या पार्वतीमावशीनं मला सांगितलं. मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया, माझ्याहून जुन्या. "रत्नागिरीत जल्मून! काय बोलायचा आता हिला?" मावशींच्या दृष्टीने हा धर्म बुडवण्याचाच प्रकार होता. मुंबईच्या माणसाने असं म्हटलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

मेहरूनबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. तिची बाजू घ्यायची म्हणून खोटं कशाला बोलू? ती घरच्या बोलीत बोलायची नाही, पुस्तकातलं मराठी बोलायची, बातम्या दिल्यासारखं. नातेवाइकांनी विचारलं, "सिस्टर, बरी होईल ना हो आमची आई?" की ती म्हणायची, "मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा." खरंच होतं ते, पण लोकांना त्या घडीला खरं नको असतं. ड्युटी संपताना आम्ही कॉरिडॉरमध्ये चहा पीत, चौघी एकदम बोलत पुढच्या पाळीला ओव्हर द्यायचो, म्हणजे कुठल्या खाटेचं काय चाललंय ते सांगायचो. तिला त्या गलक्यात एक अक्षर घेता यायचं नाही. मग ती प्रत्येक खाटेपाशी मला परत घेऊन जायची आणि सगळं पहिल्यापासून विचारायची. माझी घरी जायची वेळ टळून गेलेली, मांडवीला घरी नळाचं पाणी जायची वेळ झालेली, आणि ही विचारतेय, "आणि पाच नंबर?" मी कितीदा दात आवळले असतील.

हल्ली अशा माणसांच्या ज्या गोष्टी सांगतात त्यात त्यांना काहीतरी अचाट येतच असतं. मेहरूनला तसलं काही येत नव्हतं. सलाइन बरी लावायची, माझ्याहून बरी नाही. जखम स्वच्छ करताना हात हलका होता. औषधाची वेळ चुकवायची नाही. ती एक बरी नर्स होती, आणि बऱ्या नर्सने नोकरी टिकवायला अचाट काही करून का दाखवावं?

तिने मागितलं होतं फार थोडं. पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी गेटावर नको. मागून येऊन अंगाला हात लावू नका, समोरून हाक मारा. आणि पंखा.

आमच्या बायकांच्या वॉर्डात तीन पंखे होते. मधला टक् टक् करायचा. एक टक्, मग अर्धं टक्, मग काही नाही, मग पुन्हा. मला तो ऐकूसुद्धा यायचा नाही, वीस वर्षं त्याखाली काढलेली. तिने येऊन आठवडा झाला तेव्हाच विचारलं, "सिस्टर, हा पंखा दुरुस्त होईल का?" मी म्हटलं, होईल, उद्या सांगते वायरमनला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोर हजर. "काल तुम्ही उद्या म्हणाला होतात." वैताग, नुसता वैताग! मी दत्ता वायरमनला निरोप धाडला. त्याने उलटा धाडला, उद्या येतो. आपल्याकडे उद्या म्हणजे काय हे शेंबड्या पोराला कळतं, पण हिला कळत नव्हतं. की कळत असूनही तिला ते मान्य नव्हतं, देव जाणे.

एकदा मागच्या पायऱ्यांवर तिच्याशेजारी बसले. दुपारचा वारा सुटला होता आणि त्यावरून समुद्राची गाज येत होती. मी म्हटलं, "हा आवाज चालतो तुला?" ती म्हणाली, "समुद्राचा आवाज एकच असतो. पंख्याचा प्रत्येक आवाज नवा असतो. मला प्रत्येक वेळी तो पहिल्यांदा ऐकू येतो." डबा बंद करून ती वॉर्डात गेली. त्या दिवशी संध्याकाळी मला तो पंखा पहिल्यांदा ऐकू आला, आणि मग काही केल्या थांबेना. चार नंबरच्या खाटेवरची म्हातारी उशी कानावर दाबून झोपते, हेही त्याच दिवशी दिसलं.

मग मी थेट सेक्रेटरी नानांना पंख्याचं सांगितलं. नाना आंब्याचे बडे व्यापारी, ट्रस्टचे सेक्रेटरी आणि मनाने खरोखर चांगला माणूस. चांगल्या माणसांचा त्रास जास्त असतो, कारण त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही. मेहरून पायऱ्यांवर एकटी बसते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ते मला म्हणाले, "शिवलकरबाई, पंख्याचं काय घेऊन बसलात? मुलगी एकटी पडल्येय. तिला आपण आपलंसं केलं पाहिजे. यंदाच्या परिचारिका दिनाला तिचा सत्कार करू. आदर्श परिचारिका म्हणून! सरप्राइज!"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "नाना, तिला सरप्राइज चालत नाही. पाळी बदलली तरी चालत नाही." नाना म्हणाले, "अहो, पाळी वेगळी, सत्कार वेगळा. सत्कार कुणाला नको असतो?"

मी काही गप्प बसले नाही. मेहरूनला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. स्टेज, माइक, शाल, भाषण. तिने साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. म्हणाली, "नको. मी येणार नाही. माझी ड्युटी आहे, मी वॉर्डात असेन." तिला नेऊन नानांसमोर उभी केली. तिथेही तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. नाना खूश झाले. मला म्हणाले, "बघा, किती विनय!"

तिथे मला कळलं की हे आता कुणाच्या हातात राहिलेलं नाही. आपल्याकडे सत्काराला नको म्हणणं हा सत्काराचाच पहिला भाग असतो. माणसाने तीनदा नको म्हणायचं, लोकांनी चौथ्यांदा ओढून स्टेजवर न्यायचं, मग त्याने "मी याला पात्र नाही" म्हणून अर्धा तास बोलायचं. लहानपणापासून आम्ही हे पाहत आलो. लाडू नको म्हटलं की दोन वाढायचे. तेव्हा कुणी खरंखुरं नको म्हणत असेल, ही शंकाच आमच्या डोक्यात येत नाही. त्या अख्ख्या हॉस्पिटलात नको या शब्दाचा अर्थ नको असा धरणारी एकटी मेहरून होती.

परिचारिका दिनाला ती हॉलमध्ये गेली नाही. तिचं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, खुर्ची रिकामी. नाना माइकवर म्हणाले, "सत्कारमूर्ती लाजल्या आहेत. चला, आपणच त्यांच्याकडे जाऊ!" आणि सगळी वरात निघाली की हो! नाना, मोठे डॉक्टर, ट्रस्टी, फोटोवाला, मागून पोर्टेबल स्पीकर घेतलेला माणूस. मी पुढे धावत होते, "थांबा, थांबा" म्हणत. लोकांना वाटलं, सिस्टर उत्साहात आहेत.

मेहरून चार नंबरच्या म्हातारीचं ड्रेसिंग करत होती, दाराकडे पाठ करून. वर तो पंखा. स्पीकर किंचाळला. नाना चवड्यांवर, मुलाला भ्यॉ करावं तसे, मागून गेले आणि त्यांनी तिच्या खांद्यांवर शाल टाकली.

ती जी ओरडली ती ओरड मी कधी विसरणार नाही. हात झटकला गेला, ट्रे उडाला, नानांचा चष्मा पडला, नारळ घरंगळत खाटेखाली गेला. तिने शाल विंचू झटकावा तशी झटकली, दोन्ही कानांवर हात दाबले आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. फोटोवाल्याने तेवढ्यातही एक फोटो काढला. म्हातारी रडायला लागली. आणि मग सगळे गप्प झाल्यावर पंख्याचं टक् टक् सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं.

पाऊण तासाने ती बाहेर आली. तोंड धुतलं, हात धुतले, नवा ट्रे घेतला आणि म्हातारीचं अर्धं राहिलेलं ड्रेसिंग पूर्ण केलं. हे कुणी पाहिलं नाही, मी सोडून. कमिटीने पाहिली ती शाल, जमिनीवर पडलेली.

कमिटी दोन दिवसांनी बसली. एक ट्रस्टी म्हणाले, अशा बाईच्या हाती पेशंट द्यायचे? मोठे डॉक्टर म्हणाले, स्वभाव विचित्र आहे, मुंबईला दाखवून घ्या म्हणावं. मी म्हटलं, "दाखवू ना. पण आधी आपण काय केलं ते बघू. तिने तीन गोष्टी मागितल्या. आगाऊ सांगा, मागून हात लावू नका, पंखा दुरुस्त करा. आपण न सांगता गेलो, मागून शाल टाकली, आणि तीही त्याच पंख्याखाली. तिला जे जे नको होतं ते एका वेळी, गुच्छासकट दिलं!" माझा आवाज चढला होता. मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हॉस्पिटल सगळ्यांच्या सोयीने चालतं, एकीच्या सोयीने नाही." आता चार नंबरच्या उशीबद्दल यांना काय सांगणार?

शेवटी नानांनी मन मोठं केलं. त्यांचं मन मोठं करणंही मला तेव्हा असह्य झालं होतं. म्हणाले, तिने येऊन चुकलं म्हणावं, मी सगळं विसरतो आणि कायमच्या कागदावर सही करतो.

मी धावत वॉर्डात गेले. "म्हण गो, एकदा चुकलं म्हण. एक शब्द आहे. नोकरी टिकेल तुझी."

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही चुकलं. पण म्हणायचं असतं."

"चष्मा पडला, त्याबद्दल मी सॉरी म्हणेन. ते मला वाईट वाटलं. पण मी नको म्हणाले होते, सिस्टर. तुम्ही ऐकलंत. त्यांनीही ऐकलं."

मी हात जोडले, रागावले, बहिणींची शाळा काढली, बापाची पाठ काढली. ती पदर गुंडाळत राहिली, डोळे भरून आले तिचे, पण तो एक शब्द तोंडातून निघेना. ती नानांकडे गेली, चष्म्याबद्दल सॉरी म्हणाली आणि थांबली. नाना पुढच्याची वाट बघत राहिले. पुढचं आलंच नाही. मला त्या क्षणी दोघांच्याही मुस्कटात द्यावीशी वाटली, खरं सांगते. महिनाअखेर तिला निरोप मिळाला, त्याला मात्र शाल नव्हती.

तिच्या शेवटच्या दिवशी मी सकाळीच दत्ता वायरमनच्या बागेत गेले. तो झाडावर, हातात आंबे झेलायची जाळीची घळ, आंबा उतरवायचं काम चाललेलं. "सिस्टर, आता कुटं पंखा? पाऊस टेकलाय, झाडावर माल हाय. उद्या येतंय."

"दत्ता, खाली उतर," मी म्हटलं. "नाहीतर मी वर येते." माझं वय तेव्हा पन्नासच्या घरात, साडी नेसलेली. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उतरला.

वॉर्डात येऊन स्टुलावर चढला, पातं हलवून बघितलं, स्क्रू आवळला. "एवढ्यासाठी उतरवलात मला?" म्हणाला. चहा निवायच्या आत काम झालं होतं. एवढ्यासाठी स्टेज, स्पीकर, कमिटी आणि एका मुलीची नोकरी.

मेहरून पंख्याखाली येऊन उभी राहिली. मान वर करून बराच वेळ ऐकत होती. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, निदान आभार तरी. "आता बरा आहे," एवढंच म्हणाली, आणि चार नंबरच्या खाटेची चादर ओढून सरळ केली. दुपारी तिने मला शेवटची ओव्हर दिली, प्रत्येक खाटेपाशी नेऊन, एकही न गाळता. मग पिशवी घेतली आणि पूर्णगडच्या एसटीला गेली. त्या दुपारी वॉर्डातल्या सगळ्या बायका गाढ झोपल्या. चार नंबरची म्हातारी उशी डोक्याखाली घेऊन झोपली होती. मी टेबलाशी बसून इतकी रडले की पार्वतीमावशी आंबा कापून घेऊन आल्या. तोही खाववेना.

त्यानंतर सहासात वर्षांनी अशाच मे महिन्यात दारात हाक आली. समोरून. मेहरून! मस्कतला नर्स झाली होती, रजेवर आली होती. खजुराचा डबा माझ्या हातात दिला, नजर माझ्या खांद्यापलीकडे. मी विचारलं, कसं आहे तिकडे? म्हणाली, "पाळी महिनाभर आधी सांगतात. ओव्हर खाटेपाशी घेतात, सगळेच. पंखे नाहीत, एसी आहे." बहिणी शिकल्या होत्या, एकीचं लग्न ठरलं होतं. चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाली. मी सवयीने बशी पुन्हा पुढे केली, आणि चटकन मागे घेतली.

मग राहवेना म्हणून विचारलं, "आणि सत्कार गो? तिकडे करतात का सत्कारबित्कार?"

"एकदा करणार होते," ती म्हणाली.

"मग?"

"मी नको म्हणाले."

"मग?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं, एवढं साधं हिला कसं कळत नाही असं.

"मग नाही केला."

आज दुपारी हॉस्पिटलची निमंत्रणपत्रिका आली. वर व्याख्यानाचा विषय छापलाय, सहकाऱ्यांना समजून घेताना. खाली ठळक अक्षरांत सत्कारमूर्ती म्हणून माझं नाव आहे.